पालीची मांडणी आणि पोटाचा शेक

घरात पाल दिसली की झाडू शोधणारी आपण माणसे. त्यातल्याच कुणी पाल विकत आणावी, तिच्यासाठी मांडणी घ्यावी आणि वर तिला शेकही द्यावा, हे गावी सासूबाईंना सांगायला मला दोन वर्षे लागली. इथे ओसाकात मात्र 'रेओपा' म्हटले की शाळकरी मुलांनाही कळते. लेपर्ड गेकोचे ते लाडके जपानी नाव. मंडळातल्या काही घरांत मुलांनी आता हाच हट्ट धरला आहे आणि 'रॅक कोणता, हीटर कोणता' असे फोन येऊ लागले आहेत, म्हणून हा लेख.

ही पाल अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. ती काचेवर चढत नाही, कारण बोटांना चिकटपणा नाही. आणि आपल्या घरातल्या पालीला नसतात तशा पापण्या तिला असतात. तिच्याच कुळातल्या, सातपुड्यात राहणाऱ्या एका जातीला २०१४ साली 'युब्लेफारिस सातपुराएन्सिस' हे नाव मिळाले. तेव्हा सासूबाईंना मी सांगितले, पाहुणी माहेरकडचीच आहे.

ती दिवसभर दगडाखाली दडते आणि संध्याकाळी बाहेर पडते. ऊब मिळते ती तापलेल्या दगडाची, पोटाकडून. कोतात्सुत पाय घालून बसणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. म्हणून डब्याखाली पातळ पॅनेल हीटर ठेवायचा, पण तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच. तिथली जमीन ३१-३२ अंश, दुसरे टोक २५ च्या आसपास. पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही. सगळाच तळ तापला तर तिला पळायला जागा उरत नाही. उबेच्या बाजूला एक आडोसा, थंड बाजूला एक, आणि कात टाकण्यासाठी ओलसर शेवाळाची एक डबी. बोटांवर कात अडकून राहिली तर बोट गळून पडते.

आता मांडणी. पैदास करणारे लोक खणांचे रॅक वापरतात: डब्याला झाकण नाही, वरची फळीच झाकण, आणि मागच्या बाजूने तापणारी पट्टी. जागा वाचते, ऊबही टिकते. मला ते घरासाठी पटले नाहीत. प्राणी दिसत नाही, म्हणून मुले दर तासाला खण ओढतात आणि ती बिचारी बिथरते. आम्ही तारेच्या फळ्यांची साधी मांडणी घेतली आणि समोरून उघडणारे डबे. मोठ्या पालीला तळ ६० बाय ४० सेंटीमीटर तरी हवा आणि प्रत्येकीला डबा स्वतंत्र, कारण दोन नर एकत्र ठेवले की मारामारी ठरलेली.

माझी चूक सांगते. तीन फळ्या, तीन हीटर आणि काटकसर म्हणून थर्मोस्टॅट एकच. त्याचा संवेदक मी सर्वांत खालच्या डब्यात लावला. जमिनीलगत गारवा, त्यामुळे थर्मोस्टॅट वीज चालूच ठेवी. ऊब वर चढे आणि वरच्या डब्यात जमीन ३८ अंशांवर गेली. लेकीच्या लक्षात आले, की पाल दोन दिवस थंड कोपरा सोडत नाही. पोटाची कातडी लालसर झाली होती. सुदैवाने बरी झाली. आता प्रत्येक हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे. एकच घेणार असाल तर संवेदक सर्वांत उबदार डब्यात लावा, आणि हवेत लोंबकळत नको, तळाला टेकलेला हवा. हीटर डबा आणि सपाट फळी यांच्यात दाबूनही ठेवू नये, उष्णता कोंडते. डब्याला लहान पाय लावले की झाले.

अमेरिकेतल्या भावाने १२० व्होल्टचा हीटर पाठवला तर तो इथल्या १०० व्होल्टवर जेमतेम ७० टक्के तापेल. जानेवारीत ओसाकाची सरासरी ६ अंशांच्या आसपास असते, तेव्हा हा फरक जाणवतो. ऑगस्टमध्ये उलट: बंद घर पस्तिशी ओलांडते, आणि हीटर बंद ठेवूनही एसीशिवाय गत्यंतर नाही.

आणि भूकंप. १८ जून २०१८ च्या सकाळी ७:५८ ला आमच्या पुस्तकांच्या फळ्या रिकाम्या झाल्या, तेव्हाच ठरवले की पुढची कुठलीही मांडणी कमरेइतकीच उंच, भिंतीला पक्की आणि जड सामान खाली. डब्यांना पुढून पट्टा लावला आहे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात वीज परत आल्यावर उलटलेल्या, तुटलेल्या उपकरणांतून अनेक आगी लागल्या. हीटरवर डबा, माती, कागद पडलेला असू शकतो. म्हणून घर सोडताना मेन स्विच बंद करणे पालीसाठीही आणि शेजाऱ्यांसाठीही.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरच्या वादळात कान्साईत लाखो घरे अंधारात गेली. ते उन्हाळ्यात होते. थंडीत तसे झाले तर? धडधाकट मोठी पाल काही तासांचा गारवा सोसते. डब्याभोवती थर्माकोल लावा, खिशात ठेवायचे काइरो फडक्यात गुंडाळून डब्याबाहेर एका बाजूला ठेवा. त्याला हवा लागते आणि ते बरेच तापते, म्हणून आत नको. आणि ऊब परत येईपर्यंत खायला घालू नका.

घरमालकाची परवानगी आधी घ्या. दुकानदाराला २०१३ पासून सरपटणारा प्राणी प्रत्यक्ष दाखवून, समोरासमोर माहिती देऊनच विकावा लागतो. तेव्हा हीटरचेही विचारून घ्या. पाल पंधरा-वीस वर्षे जगते. लेक आता कॉलेजसाठी टोकियोला निघाली आहे, मांडणी इथेच राहते आहे, आणि रोज रात्री थर्मोस्टॅट बघण्याचे काम कुणाकडे आले, ते सांगायला नको.