समुद्राची वाट बीएस्सीच्या वर्गातून

बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने आयोडोमेट्री केलेली असते. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, पिवळा रंग फिका पडला की स्टार्च घालायचा. फ्लास्कमधलं पाणी गडद निळं होतं आणि एका थेंबासरशी तो निळा रंग नाहीसा होतो. रीडिंग जर्नलमध्ये उतरवायचं, सरांची सही घ्यायची आणि परीक्षेपर्यंत विसरून जायचं. हाच प्रयोग ‘सिंधू साधना’ या जहाजावरही होतो. तिथं फ्लास्कमधलं पाणी अरबी समुद्राच्या पाचशे मीटर खोलीवरून आलेलं असतं आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं रीडिंग पाहून आपलं जुळवून घेता येत नाही.

‘सिंधू साधना’ हे गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं संशोधन जहाज. सगळे या संस्थेला ‘एनआयओ’च म्हणतात. डेकवरून पोलादी तारेने एक गोल चौकट पाण्यात सोडली जाते. तिच्याभोवती उभ्या नळकांड्यांसारख्या बाटल्या आणि तळाशी क्षारता, तापमान, खोली मोजणारी यंत्रं. खाली जाताना बाटल्या दोन्ही टोकांनी उघड्या असतात. वर येताना ठरलेल्या खोलीवर चौकट थांबते, प्रयोगशाळेत बसलेला माणूस संगणकावरून आज्ञा देतो आणि एकेका बाटलीची झाकणं बंद होतात. चौकट डेकवर आली की ऑक्सिजनवाल्याचा नंबर पहिला, कारण हवेचा एक बुडबुडा आत शिरला तरी नमुना वाया. रबरी नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत नेऊन पाणी भरायचं, वरून भरपूर वाहू द्यायचं, मग मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी येतो. अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटरच्या पट्ट्यातल्या पाण्यात तो जवळजवळ पांढराच राहतो. ऑक्सिजनचा इतका तुटवडा असलेले पाण्याचे इतके जाड थर जगात मोजकेच आहेत आणि त्यातला एक आपल्या किनाऱ्यासमोर आहे.

याचा बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरशी काय संबंध, असं विचाराल तर संबंध पाण्याचाच आहे. मलकापूरची नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. एनआयओचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं, की पावसाळ्यानंतर पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपतो, तिथले जिवाणू नायट्रेटवर गुजराण करू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. जमिनीवरून वाहून येणारं नत्र ही परिस्थिती बिघडवत असावं, असा त्यांचा अंदाज होता. कपाशीला टाकलेला युरिया सगळाच कपाशीच्या पोटात जात नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. (वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प झाला तर बंगालच्या उपसागराकडे निघालेलं थोडं पाणी आपल्या बाजूला वळेल. समुद्रवाल्यांना तोही अभ्यासाचा विषय होईल.)

तरीही घरात विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘पोरगी समुद्रात जाऊन काय करन बापा?’ समुद्र इथून रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. शिवाय ‘मरीन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मर्चंट नेव्हीचा पांढरा गणवेश येतो. ते क्षेत्र निराळं. जहाज चालवायचं किंवा त्याचं इंजिन सांभाळायचं असेल तर डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या संस्थेत जावं लागतं आणि त्या वाटेवर फसवणारे एजंटही भरपूर भेटतात. इथं आपण बोलतोय ते समुद्राचा अभ्यास करण्याबद्दल.

समुद्रापासून दूर जन्मलेल्यांनी या विषयात काय केलं, याचं उत्तम उदाहरण विदर्भातलंच आहे. अदिती पंत यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. औंधच्या पंत घराण्यातल्या, मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या त्या कन्या. पुणे विद्यापीठातून बीएस्सी करताना ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि दिशा ठरली. शिष्यवृत्ती मिळवून हवाई विद्यापीठात एमएस, मग लंडनला सागरी शैवालांवर पीएचडी आणि मग गोव्याला एनआयओत. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं तिथलं पहिलं ठाणं याच मोहिमेत उभं राहिलं. राजनैतिक घराण्यातल्या मुलीला हवाईचं दार जितकं सहज दिसतं तितकं ते मलकापूरच्या मुलीला दिसत नाही, हे मान्यच. पण आज हवाईला जाण्याची गरजही तितकी उरलेली नाही.

माझं मत सांगतो. बारावीनंतर लगेच ‘मरीन’ हा शब्द असलेली पदवी शोधत फिरू नये. समुद्रविज्ञान चार पायांवर उभं आहे: प्रवाह आणि लाटांचं भौतिकशास्त्र, पाण्याचं रसायन, जीवसृष्टी आणि तळाचं भूशास्त्र. यातला एक पाय आधी बळकट लागतो. भौतिकशास्त्र-गणित, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात घरच्याजवळ, कमी खर्चात चांगली बीएस्सी करावी आणि मग एमएस्सीला समुद्र गाठावा. मुलं सहसा जीवशास्त्राकडे धावतात, कारण डॉल्फिन आणि प्रवाळ तिथं असतात. गर्दीही तिथंच असते. गणित पक्कं असलेल्याला प्रवाहांच्या अभ्यासात स्पर्धा कमी आणि काम जास्त. गोव्याचे सतीश शेट्ये यांचं बरंचसं काम भारतीय किनाऱ्यालगतच्या प्रवाहांवर आहे. मोसमी वाऱ्यांबरोबर हे प्रवाह दिशा बदलतात, पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. शेट्ये यांना १९९२ चा भटनागर पुरस्कार मिळाला, पुढे ते एनआयओचे संचालक आणि गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

एमएस्सीसाठी मराठी मुलाची पहिली नजर जावी ती गोवा विद्यापीठाकडे. तिथं सागरी विज्ञानाची एमएस्सी आहे आणि एनआयओ जवळच. कोचीचं ‘कुसॅट’, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ, तामिळनाडूत परंगिपेट्टई इथलं अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र, कारवारचा कर्नाटक विद्यापीठाचा विभाग हेही जुने, नावाजलेले. पुढे संशोधन करायचं तर सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये भूविज्ञान, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान यांचा एकत्र पेपर असतो. त्यात जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. पीएचडीला पाच वर्षं सहज लागतात. ‘अजून शिकतोच का?’ हा प्रश्न ऐकायची त्या काळात तयारी हवी, निदान ‘पगार घेऊन शिकतोय’ असं उत्तर तरी देता येतं.

समुद्राचा अभ्यास करायला समुद्रकाठीच राहावं लागतं, हाही गैरसमज. आपल्या पावसाचा अंदाज ज्या प्रारूपांवर चालतो, त्यांत हवा आणि समुद्र एकमेकांना जोडलेले असतात, आणि ते काम चालतं पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत. हिंदी महासागराच्या तापण्यावर जगभर वाचलं जाणारं रॉक्सी मॅथ्यू कोल यांचं कामही तिथलंच. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र आहे. मच्छीमारांना मासळी कुठं मिळेल याचे सल्ले तिथूनच जातात आणि भारताचे ‘आर्गो’ फ्लोटही तिथूनच सांभाळले जातात. हा फ्लोट माणसाच्या उंचीएवढा सिलिंडर. हजार मीटरवर तो प्रवाहाबरोबर वाहत राहतो, दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो आणि तिथून तापमान-क्षारता मोजत वर येतो. त्याला पंखा नाही. आतलं तेल पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं आणि तो तरंगतो. तेल परत आत घेतलं की बुडतो. शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व, दुसरं काही नाही. वर आला की उपग्रहाला माहिती देतो. असे सुमारे चार हजार फ्लोट जगभरच्या समुद्रांत आहेत. मृगाचा पाऊस लांबला की सोयाबीन कधी पेरायचं याची चिंता करणाऱ्या मलकापूरकराच्या कामी ही आकडेवारी अशी फिरून येते.

अभियांत्रिकीवाल्यांनीही मागं राहू नये. मलकापुरात पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या स्थापत्य किंवा यांत्रिकीच्या मुलाला आयआयटी मद्रासचा सागरी अभियांत्रिकी विभाग गेटमार्फत खुला आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात लाटा सोडल्या जातात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयओटीत, ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी घडते आहे: तिघांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल. हिंदी महासागराच्या तळाशी मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोटे पसरलेले आहेत. ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. ते काढावेत की नाहीत यावर जगात वाद पेटलेला आहे आणि त्या वादात दोन्ही बाजूंना शास्त्रज्ञ लागतात.

आता नोकऱ्यांचं खरं बोलू. एनआयओ, वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था, इन्कॉइस, एनआयओटी इथं कायम शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या निघतात आणि बरेच जण वर्षानुवर्षं प्रकल्पावरच काम करतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा सागरी विभाग आहे, पण भरती यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते, म्हणजे भूशास्त्र, भूभौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र हवंच. खासगीत तेल कंपन्या, सर्वेक्षण कंपन्या आणि पर्यावरण सल्लागार यांच्याकडे काम वाढतं आहे, कारण बंदर असो की सागरी पूल, आधी पाण्याचा, गाळाचा, जीवसृष्टीचा अहवाल लागतो. मुंबईच्या सागरी रस्त्यासाठी २०२० साली हाजी अली-वरळीजवळच्या प्रवाळांच्या वसाहती एनआयओच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली खडकासकट दुसरीकडे हलवल्या गेल्या. २०१२ मध्ये वनखात्याने कांदळवन कक्ष स्थापला. त्याच्या प्रतिष्ठानाने भारतीय वन्यजीव संस्थेबरोबर जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. असल्या प्रकल्पांवर तरुण संशोधक सहायक लागतात. काम कंत्राटी, पण शिकायला भरपूर.

लवकर पायावर उभं राहायची निकड असेल तर मत्स्यशास्त्राचा, म्हणजे बीएफएस्सीचा विचार करावा. चार वर्षांची व्यावसायिक पदवी. कोकणात रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासूनचं महाविद्यालय आहे आणि विदर्भातल्या मुलांसाठी खुद्द नागपुरात माफसू विद्यापीठाचं. मराठवाड्यात उदगीरला आहे. पुढे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, ‘सीफे’, ही देशातली मानाची जागा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातली अधिकारपदं, कोळंबी बीजकेंद्रं, खाद्य कंपन्या, निर्यातीच्या कारखान्यांतली गुणवत्ता तपासणी, बँकांतली कृषी अधिकारीपदं, सगळीकडे ही पदवी चालते. आणि गावाकडे परत यायचं असेल तर नळगंगा धरण आहे, शेततळी आहेत. तिथं रोहू-कटला कसा वाढवावा हे सांगणारा शिकलेला माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी तर जिल्ह्याबाहेर जाण्याआधी लोणार पाहावं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि मीठप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं दिसलं. मिठागरांत आणि मृत समुद्रातही हेच कुळ सापडतं. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं तर खाऱ्या पाण्यातून नमुना घेणं, तो वाढवणं, ओळखणं या सगळ्याची सवय बुलढाण्यातच होऊ शकते.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून एक काम करता येतं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, राहण्याखर्चाला पैसे, येण्याजाण्याचं भाडं. अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर निघतात, आणि निमशहरी कॉलेजांत ही नोटीस बोर्डावर लागतेच असं नाही, म्हणून स्वतःच लक्ष ठेवावं. अर्जात आपल्या कामाबद्दल थोडं लिहून द्यावं लागतं. तिथं ‘मला लहानपणापासून समुद्राची आवड आहे’ असं लिहू नये, तसं सगळेच लिहितात. कोणती टायट्रेशन हाताने केली, त्रुटी किती आली, पायथन येतं का, सूक्ष्मदर्शकाखाली काय काय ओळखता येतं, ते लिहावं.