किण्वाची भूक

रात्रीं कालवून ठेवलेलें आंबोळीचें पीठ सकाळीं फुगून वर येतें, यांत आपणांस कांहींच नवल वाटत नाहीं. परंतु हा फुगवटा म्हणजे अगणित सूक्ष्म जीवांच्या रात्रभर चाललेल्या जेवणाची खूण आहे, हें शास्त्रज्ञांस पटावयास बराच काळ लागला.

1856 सालीं फ्रान्समधील लील शहरीं बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल नासूं लागला, तेव्हां तो लुई पाश्चर यांजकडे धांवला. सूक्ष्मदर्शकांतून पाहतां चांगल्या रसांत किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, वाटोळे कण दिसले. नासलेल्यांत काडीसारखे दुसरेच जीव होते. आंबणें ही सजीवांची करणी, असें पाश्चर यांनीं ठरविलें. पुढें 1861 सालीं त्यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. किण्वास मोकळी हवा मिळाली तर तें जोमानें वाढतें, पण वाढीच्या मानानें साखर थोडी खातें. हवा तोडली कीं वाढ मंदावते आणि साखरेचा मात्र फडशा पडतो!

असें कां व्हावें? चुलींतील लांकूड पुरतें जळालें तर राख उरते. मध्येंच विझविलें तर कोळसा उरतो, आणि त्यांत उष्णता शिल्लक असते. मद्यार्क हा साखरेचा कोळसाच होय. स्पिरिटचा दिवा जळतो तो याच शिलकीवर. प्राणवायु मिळाल्यास पेशी ग्लूकोजचें पाणी व कर्बाम्ल वायु होईपर्यंत दहन करिते, आणि एका रेणूमागें ए. टी. पी. नांवाचे सुमारें तीस शक्तिवाहक रेणू मिळविते. हवेवांचून पदरांत पडतात अवघे दोन. मग खादाडपणा कोणास चुकेल?

जिवंत पेशीवांचून हें घडणार नाहीं, अशी पाश्चर यांची समजूत होती. 1896 सालीं म्युनिक येथें एडुआर्ड बुखनर यांनीं किण्व वाळूंत घोटून, दाबून त्याचा रस काढला, आणि तो नासूं नये म्हणून मोरंब्याच्या न्यायानें त्यांत साखर घातली. पेशी तर चिरडल्या गेलेल्या. तरी रसांतून बुडबुडे निघूं लागले! रसांतील या कर्त्या द्रव्यास त्यांनीं झायमेझ म्हटलें. तें एक नसून अनेक एंझाइमांचा मेळा आहे, हें मागाहून कळलें. या शोधाबद्दल त्यांना 1907 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टिकविण्यासाठीं घातलेल्या साखरेनेंच एवढा मोठा वाद मिटवावा, ही मला मोठी मौज वाटते.

आपल्या देहांतहि हा हवेवांचूनचा मार्ग आहे. तेथें मद्यार्काऐवजीं दुग्धाम्ल उरतें. जिना धांवत चढतांना स्नायु त्याचा कांहीं काळ आश्रय घेतात. रक्तांतील तांबड्या पेशींना तर दुसरा मार्गच नाहीं. प्राणवायूच्या साह्यानें अन्न जाळणारे मायटोकाँड्रिया नांवाचे कण त्यांच्यांत नसतात. साऱ्या शरीरास प्राणवायु पोंचविणाऱ्या या पेशी आपल्या इंधनासाठीं त्याला स्पर्शहि करीत नाहींत, आणि त्या तुटपुंज्या मिळकतीवर सुमारें 120 दिवस राबतात.