दुधाच्या गोळीआधी आईचं हृदय

सिन्नरला बाळंतिणीच्या घरी डिंक, अळीव, खारीक, मेथ्या आणि शेपा येतात, बाजरीची भाकरी होते, ताटात लसूण वाढतो. आता त्या जोडीला शतावरी कल्पाचा डबा आणि बऱ्याचदा एक छोटी गोळीही येते. "दूध पुरत नाही" म्हटलं, की कुणीतरी ती सुचवतंच. कुणाच्या जावेला गुण आलेला असतो, कुणाच्या नणंदेला. गोळीचं नाव डोम्पेरिडोन.

हे औषध मुळात मळमळ आणि उलटीवरचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर डोपामाइनचा लगाम असतो. ही गोळी तो सैल करते, मग प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि त्यासोबत दूधही वाढू शकतं. बाळाची काळजी करणाऱ्यांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की आईच्या दुधात हे औषध अगदी नगण्य उतरतं. धोका आहे तो आईला, आणि तोही तिच्या हृदयाला.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला थोडा वेळ घेतो. डोम्पेरिडोन हा वेळ लांबवू शकतं, त्यातून ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २००४ मध्ये दूध वाढवण्यासाठी हे औषध वापरू नये असा इशारा दिला. युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये मोठ्यांसाठी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवड्याभरापुरतंच अशी मर्यादा घातली. धडधाकट तरुण आईला हा धोका कमीच असतो. तो वाढतो दुसऱ्या औषधांच्या संगतीने. स्तनाग्राला बुरशी झाली म्हणून दिलेलं फ्लुकोनॅझोल, छातीच्या संसर्गासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन, ही औषधं डोम्पेरिडोनचा शरीरातून होणारा निचरा रोखतात आणि स्वतःही ठोक्यांवर परिणाम करतात. पित्ताच्या अनेक कॅप्सुलांमध्ये पॅन्टोप्राझोलच्या जोडीला ३० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असतंच. म्हणजे पित्ताची कॅप्सूल आणि दुधाची गोळी एकत्र घेणारी आई नकळत दुप्पट डोस घेते. म्हणून घरात जे काही चालू आहे, त्या सगळ्या औषधांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवायलाच हवीत.

मेटोक्लोप्रामाइड हे याच कामासाठी वापरलं जाणारं दुसरं औषध. ते मेंदूत शिरतं, त्यामुळे उदासी येऊ शकते. नुकत्याच बाळंत झालेल्या, आधीच मन हळवं झालेल्या बाईला ते देणं जपूनच व्हायला हवं.

मग गोळीने दूध वाढतं तरी किती? कॅनडात २९ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या ९० आयांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत दूध निम्म्याने वाढलेल्या आया गोळीच्या गटात सुमारे ७८ टक्के होत्या. औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटातही त्या ५८ टक्के निघाल्या! या आयाही नियमित दूध काढत होत्या. छाती जितकी रिकामी होईल, तितकं नवं दूध तयार होतं. गोळी घेऊन बाळाला कमी वेळा पाजलं, तर फारसं काही हाती लागत नाही.

शतावरीबद्दल तर दोन भारतीय अभ्यास दोन दिशांना गेले: १९९६ च्या अभ्यासात काही फरक दिसला नाही, २०११ च्या अभ्यासात प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं. मेथ्यांचे लाडू आहार म्हणून ठीक, पण मेथीच्या कॅप्सुलांमधल्या मोठ्या मात्रेने रक्तातली साखर उतरू शकते. मधुमेहाचं किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवावं.

सिन्नरमध्ये आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. इथल्या अनेक घरांत बाया विड्या वळतात आणि मजुरी मिळते हजारावर. मांडीवर सूप असताना बाळ रडलं, तर पाजणं लांबतं, आणि लांबलेलं प्रत्येक पाजणं दूध कमी करतं. तंबाखूची धूळ हाताला, पदराला लागते; विडी कामगारांच्या लघवीत निकोटिनपासून बनणारं कोटिनिन सापडलेलं आहे. हात धुऊन, पदर बदलून बाळाला घेतलेलं बरं. गोळीपेक्षा अशा आईला हवी असते ती पाजण्यापुरती उसंत, आणि ती द्यायची तर घरातल्या इतरांनी कामाला हात लावावा लागतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात. दोन आठवड्यांच्या सुमाराला बाळ जन्माच्या वजनावर परतलं, दिवसाला सहा-सात वेळा शू करू लागलं, तर दूध पुरतं आहे. रडतं म्हणजे उपाशीच असं नाही. वजन हटून बसलं असेल, तर आधी बाळाने स्तन नीट तोंडात धरला आहे का ते पाहावं लागतं. मग थायरॉइड, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा ही कारणं तपासावी लागतात. इतकं झाल्यावरही डॉक्टरांना गोळी द्यावीशी वाटली, तर हृदयाचा त्रास किंवा घरात अचानक मृत्यू झाल्याचा इतिहास आहे का हे विचारून, गरज वाटल्यास ईसीजी काढून ती सुरू व्हावी. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम थांबवल्यावर काही आयांना तीव्र चिंता, निद्रानाश आणि खिन्नता आल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे ती बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, डोस हळूहळू उतरवत.