चहा चुकला की डोकं का दुखतं?

सकाळचा चहा चुकला की दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागतं, चिडचिड होते. या त्रासाला मनाचे लाड समजू नये. शरीराला चहातल्या कॅफिनची सवय जडल्याची ती खूण आहे.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याची जागा अडवतं, म्हणून तरतरी वाटते. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. रोजच्या कॅफिनशी मेंदू जुळवून घेतो. ते थांबलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं दुखतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, बहुधा आठवडाभरात ओसरतो.

मला जास्त काळजी वाटते ती झोपेची. कॅफिन निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी ६ च्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री ११ लाही अंगात असतं. झोप उथळ होते, सकाळी पुन्हा चहाच लागतो.

चहा एकदम सोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा, सुरुवात संध्याकाळच्या चहापासून. आणि रक्त कमी असेल तर जेवणावर लगेच चहा नकोच, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.