नवा चष्मा आणि हलणारी जमीन

मंडळी, पुण्याला जाणारा माणूस एका खेपेत दहा कामे उरकून येतो. त्यात कधी एक काम डोळ्यांचेही असते. समजा, तुमच्या घरचे आबा ससून रुग्णालयात डोळे तपासून आले, दुकानातून नवा चष्मा घेतला आणि एस.टी. गाठायला स्वारगेटकडे निघाले. पायरीवरून खाली पाय टाकतात तो काय, रस्ता कधी वर आलेला, कधी खोल गेलेला! घरी येऊन ते म्हणतात, “नंबर चुकला बघ. मला काही हा चष्मा मानवत नाही.” आणि चष्मा जो डबीत जातो, तो जातोच. पैसे गेले ते गेले. पण पुढे दिवेलागणीला विहिरीच्या काठी पाऊल चुकले तर? म्हणून आज एवढेच पाहू, की नव्या चष्म्याची कोणती कुरकुर सोसावी आणि कोणती सोसू नये.

डोळा चित्र टिपतो, पण त्याचा अर्थ लावतो मेंदू. दूरच्या नंबरची काच वस्तू किंचित लहान दाखवते, जवळच्या नंबरची किंचित मोठी. सिलिंडरचा नंबर असला, तर दाराची चौकट कललेली आणि जमीन उतरती वाटते. शिवाय आपण मान फिरवली की डोळे आपोआप तेवढेच उलट दिशेला फिरतात, म्हणून समोरचे दृश्य स्थिर राहते. काच बदलली की हा जुना हिशेब थोडा चुकतो. मग जमीन हलते, डोके जड होते. मेंदूने नवा हिशेब बसवला की हे थांबते.

मेंदू किती शिकतो याचे एक उदाहरण ऐका. जॉर्ज स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात जग उलटे दाखवणारी भिंगे काही दिवस डोळ्याला लावली. सुरुवातीला तो चाचपडला. पण थोड्याच दिवसांत त्याला त्या उलट्या जगात वावरता येऊ लागले. मग आपल्याला अर्ध्या-एक नंबरचा फरक का जमू नये?

हे जमायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे. तोवर चष्मा सकाळी उठल्यापासून घालावा. घडीत जुना, घडीत नवा असे करू नये. त्याने मेंदूचा धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मात्र पाऊल नीट पडेपर्यंत मोटारसायकल चालवू नये, शिडीवर चढू नये.

चाळिशी लागल्यावर दुभागी चष्मा येतो. त्याची खालची काच हातातल्या पोथीसाठी असते, पायाखालच्या जमिनीसाठी नव्हे. पर्वतीच्या 103 पायऱ्या उतरताना नुसती नजर खाली टाकाल, तर पायरी पुसट दिसेल. हनुवटी छातीकडे घ्या, वरच्या काचेतून पायरी पाहा आणि एक हात कठड्यावर ठेवा. वाचताना याच्या उलट: मान सरळ, नजर खाली.

आता न सोसण्याच्या गोष्टी. दोन आठवड्यांनंतरही डोके दुखते, एकाचे दोन दिसतात, किंवा एकेक डोळा झाकून पाहिले असता एका डोळ्याने अंधूकच दिसते, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि चष्मा दोन्ही घेऊन परत जा. चिठ्ठीतला नंबर काचेत उतरला आहे का, काचेचा मध्य बाहुलीसमोर येतो का, हे तपासून मागा. कधी दोष एवढाच असतो, की काड्या सैल होऊन चष्मा नाकावर घसरलेला असतो. मधुमेहात रक्तातली साखर वरखाली झाली, तरी नंबर बदलतो. तेव्हा तीही तपासावी. पण अचानक दिसेनासे झाले, डोळ्यापुढे विजा चमकल्या किंवा पडदा आला, तर तो चष्म्याचा दोष समजून थांबू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

गुरुजी आणि बाई, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. चष्मा घातल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज घरोघरी आहे. खरे उलटेच आहे. लहान वयात लागणारा चष्मा घातला नाही, तर एखादा डोळा आळशी राहतो आणि मोठेपणी तो सहसा पुरता सुधारत नाही. मूल चष्मा दप्तरात लपवते, ते काचेला कंटाळून नव्हे, “ढापण्या” या हाकेला भिऊन. ती हाक वर्गात पहिल्याच दिवशी बंद करा. आठवडाभर त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि मधून विचारा, “फळ्यावरचं दिसतंय ना रे?” एवढ्या एका प्रश्नाने डबीतला चष्मा पुष्कळदा नाकावर येतो.