गाडीतले घर आणि हर्णैचे बंदर

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुतेक वेळा शौचालयाचीही सोय असलेली गाडी म्हणजे कॅराव्हॅन. तिचे ठळक प्रकार दोन. एक मोटारीमागे जोडून ओढत न्यायचा आणि दुसरा इंजिनासकट एकाच सांगाड्यावर बांधलेला. ऑस्ट्रेलियात पहिला प्रकार सर्रास दिसतो. निवृत्त जोडपी तो मागे लावून महिनोन्‌महिने फिरतात आणि क्वीन्सलँडच्या उत्तरेला, कार्पेन्टारियाच्या आखातावरच्या करुंबासारख्या लहानशा मासेमारी गावात हिवाळा काढतात. ब्रिस्बेनपासून करुंबा दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे, पण वाटेचा बराचसा भाग सपाट आणि मोकळा. पिंपरी-चिंचवडहून दापोली तालुक्यातले हर्णै बंदर जेमतेम दोनशे किलोमीटरवर आहे. मात्र त्या दोनशे किलोमीटरांत सह्याद्री उतरावा लागतो. घाटातल्या वळणावर मागची जोडगाडी आतल्या अंगाने रस्ता कापत जाते आणि समोरून एसटी आली की ती मागे घेणे हे मोठे दिव्य असते. त्यामुळे आपल्याकडे ओढायची कॅराव्हॅन अपवादानेच दिसते. चालतो तो दुसरा प्रकार.

या दुसऱ्या प्रकाराचा सांगाडा बहुधा फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरचा असतो. आकुर्डीची ही कंपनी 2005 पर्यंत बजाज टेम्पो या नावाने ओळखली जात होती. तिने 1987 मध्ये मर्सिडीजच्या आराखड्यावर बेतलेली ट्रॅव्हलर बाजारात आणली. वऱ्हाडापासून कारखान्याच्या स्टाफ बसपर्यंत सगळी कामे केलेल्या या गाडीचे छत उंच असते, आत ताठ उभे राहता येते आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक माणगावातही भेटतो. हा शेवटचा गुण जाहिरातीत नसतो, पण कोकणात तोच कामाला येतो. सीटा, पत्र्याचे आणि फायबरचे काम, वायरिंग, अपहोल्स्टरी हे सगळे करणारे छोटे-मोठे कारखाने भोसरी, तळवडे, चाकण पट्ट्यात आहेत. एखाद्याला वाटावे की बाक काढून पलंग बसवला की झाली कॅराव्हॅन. तसे नाही.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे स्पष्ट केले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळे मानक आहे. पलंगाची बांधणी, गॅसची जोडणी, आणीबाणीत बाहेर पडायची वाट, आगीपासून संरक्षण अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. गल्लीतल्या गॅरेजात परस्पर फेरफार केलेली गाडी अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडकू शकते. परवान्याची अडचण मात्र फारशी नाही. 7,500 किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या मोटारीचा परवाना पुरतो, यावर घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिक्कामोर्तब केले आणि ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावरची कॅराव्हॅन या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. तरीही भाड्याची गाडी बहुधा चालकासह मिळते, आणि घाटाचा विचार करता ते बरेच आहे.

चिंचवड-वाकडकडून निघणाऱ्याला कोकणात उतरायच्या दोन सोयीच्या वाटा आहेत. पहिली ताम्हिणीची. चांदणी चौकातून, किंवा ती गर्दी टाळायची असेल तर हिंजवडी-माण-घोटावडे फाट्यावरून पिरंगुट गाठायचे, मग पौड, मुळशीच्या धरणाकाठाने ताम्हिणी आणि खाली माणगाव. दुसरी द्रुतगती मार्गाने खोपोली, पुढे पाली आणि वाकण फाट्यावर मुंबई-गोवा महामार्ग. ताम्हिणी देखणी आणि जवळची. पालीची वाट लांबची, पण अवजड गाडीला सोपी. माणगावहून महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड आणि तिथून दापोली असा सरळ रस्ता आहे. रायगडच्या किनाऱ्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत येणाऱ्यांना बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट मिळते. स्थानिक लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. तिच्यावर मोटारीच काय, बसही चढते. फक्त लांब शेपटाच्या गाडीने ओहोटीच्या वेळी जपावे. पाणी खाली गेले की फळीचा उतार वाढतो आणि मागच्या चाकांपलीकडचा भाग जमिनीला घासतो.

घाट उतरताना कॅराव्हॅन रिकाम्या बससारखी वागत नाही. कपाटे, बॅटऱ्या, छतावरचा एसी, सोलर पॅनेल यांनी तिचे वजन वाढलेले असते आणि त्यातले बरेचसे उंचावर असते. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की आणखी शंभर किलो, तेही हेलकावे खाणारे. जाणते चालक टाकी रिकामी ठेवून घाट उतरतात आणि पाणी दापोलीत भरतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम येथेही लागू. ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटू लागते. ताम्हिणीत पावसाळ्यात दरडी येतात आणि रस्ता बंद होतो. निघण्यापूर्वी चौकशी हवीच. दापोलीच्या पुढे वेगळीच अडचण. आंजर्ले, मुरुड, हर्णैच्या आळ्या जांभ्याच्या गडग्यांमधून जातात. बैलगाडीच्या मापाच्या या वाटेवर दोन मीटर रुंद गाडी आरसे मिटून घालावी लागते आणि वाडीतली झापे छतावरच्या पॅनेलला लागतात.

हर्णैला नकाशावरचे वेळापत्रक संपते आणि भरती-ओहोटीचे सुरू होते. बंदरासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांपैकी हा एक. आंग्र्यांच्या आरमाराचा हा आधार 1755 मध्ये इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून घेतला. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला अशी त्याची पाठराखण आहे. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरून माल लहान होडीतून आणि पुढे बैलगाडीतून वाळूवर आणायचा, ही येथली जुनी रीत. म्हणजे बंदराचे सगळे काम पाण्याच्या पातळीवर अवलंबून.

ही पातळी ओळखायला कोकणात एक सोपा आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाला दोन भरत्या येतात आणि दुसऱ्या दिवशीची वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. कॅराव्हॅनवाल्यासाठी हे ज्ञान केवळ कौतुकाचे नाही. ओहोटीला कर्दे-मुरुडची पुळण डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते आणि पर्यटक गाडी खाली घालतात. वरचा थर वाळलेला असला तरी खाली पाणी असते. दोन टनांच्या जीपचेही चाक रुतते, मग चार टनांच्या घराचे काय विचारावे! पाणी चढू लागल्यावर ट्रॅक्टर शोधत फिरणारे लोक दर हंगामात दिसतात. शिवाय गाड्यांच्या चाकांखाली खेकड्यांची बिळे आणि आंजर्ले-वेळासच्या बाजूला कासवांची घरटी येऊ शकतात. पुळणीवर गाडी घालूच नये.

हर्णै बंदरावर दुपारी चारनंतर मासळीच्या लिलावाला जोर येतो. वाळूवर पापलेट, सुरमई, हलवा, बांगडे, माकूळ, कोळंबी यांचे ढीग आणि टोपल्या मांडल्या जातात. बोली घाऊक व्यापाऱ्यांची असते. बर्फ फोडून माल पेट्यांत भरायला आणि गाड्या हलायला फार वेळ लागत नाही. लिलावात घरगुती गिऱ्हाइकाने मध्ये पडण्यात अर्थ नाही. त्याने कडेला वाटे लावून बसलेल्या कोळणींकडे जावे. मासा पाहताना कल्ला उचलून लाल आहे का बघतात, पोटावर बोट दाबून खळगा भरून येतो का बघतात. भाव पाडून मागितला तर बोलणी खावी लागतात, आणि ती फुकट मिळतात! थोडे पैसे देऊन मासा तिथेच साफ करून घेणे शहाणपणाचे. पिंपरीहून सकाळी निघून हॉटेलात सामान टाकून येणाऱ्याला बरेचदा लिलावाची शेपटीच सापडते. कॅराव्हॅनचा खरा फायदा येथे कळतो. ती बंदराजवळच्या मोकळ्या जागेत उभी करून भरतीप्रमाणे थांबता येते, आणि विकत घेतलेला मासा तासाभरात तव्यावर पडतो. तवा मात्र गाडीबाहेर मांडावा. सुरमईच्या फोडणीचा वास गाद्यांत शिरला की चाकणला परतेपर्यंत सोबत करतो.

रात्रीचा प्रश्न विजेचा. समजा गाडीत 12 व्होल्टची 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. तिच्यात साधारण अडीच युनिट वीज मावते. एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट खातो. म्हणजे बॅटरीवर तो अडीच तास चालेल आणि मध्यरात्री बंद पडेल, तेही फ्रिज आणि दिवे बाजूला ठेवून. छतावरचे पॅनेल दिवसा बॅटरी भरतात, पण नारळी-पोफळीच्या सावलीत गाडी लावली तर तेही मंदावतात. सावली आणि ऊन दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. पंखा मात्र रात्रभरात अर्धा युनिटही घेत नाही. म्हणून रात्री एसी हवा असेल तर बाहेरून जोडणी देणारी जागा लागते, नाहीतर खिडक्यांना जाळ्या, पंखा आणि समुद्राचा वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एवढ्यावर उत्तम भागते. एप्रिल-मेच्या दमट रात्री नाही.

विजेपेक्षा अवघड गोष्ट सांडपाण्याची. शंभर लिटर पाणी चार माणसांना काटकसरीने दीड दिवस पुरते आणि तेवढेच घाण होऊन खालच्या टाकीत जमते. शौचालयाची टाकी वेगळी. ती रिकामी करायची ठरलेली सोय किनारपट्टीवर सहज सापडत नाही, आणि गटारात किंवा खाडीत सोडणे म्हणजे ज्या पाण्यातले मासे खायला आलो त्यातच घाण करणे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2021 मध्ये कॅराव्हॅन धोरण मंजूर केले. गाड्या आणि त्या उभ्या करायची कॅराव्हॅन पार्क, दोन्हींची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून सवलती देण्याची तरतूद त्यात आहे. पाणी, वीज, रस्ता असलेली खासगी जमीनही पार्क होऊ शकते. गाड्यांचे उत्पादन पिंपरी-चाकणला जड नाही. कमी पडतात त्या उभ्या करायच्या जागा. दापोली परिसरातल्या एखाद्या वाडीवाल्याने 15 अँपिअरचा प्लग, नळ आणि मोठी सेप्टिक टाकी एवढे केले तरी त्याच्याकडे चार गाड्यांची रांग लागेल. तोपर्यंत घरगुती निवासाच्या मालकाशी आधी फोनवर बोलून अंगणात जागा ठरवणे हाच मार्ग.

कधी जावे याचे उत्तर बंदर आणि कारखाना मिळून देतात. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. पारंपरिक कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होडी लोटतात. गणपतीत महामार्ग चाकरमान्यांच्या गर्दीने भरतो आणि पिंपरीच्या वल्लभनगर आगारातून कोकणासाठी जादा एसटी सुटतात. त्या आठवड्यात सात मीटरची गाडी घेऊन निघू नये. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. शनिवार-रविवारी मुरुड-कर्दे पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी गजबजते. औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर निघणाऱ्याला किनारा मोकळा मिळतो.

परतीला घाट चढायचा असतो, म्हणून टाक्या पुन्हा रिकाम्या कराव्या. मासे न्यायचे तर थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा थर, मासा, वर पुन्हा बर्फ, आणि पेटीला तळाशी भोक. वितळलेल्या पाण्यात बुडालेला मासा मऊ पडतो. भोकाखाली घमेले ठेवायला विसरू नये. घरी आल्यावर गाडीचा खालचा भाग, ब्रेकचे भाग आणि पायऱ्या गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्या लागतात. खारा वारा आणि वाळू पत्र्याच्या सांध्यांत बसते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.