पट्टा अडीचशेचा, घड्याळ दुसऱ्याचं: ओरखडा न पाडता पट्टा आणि चेन कशी बदलायची



या आठवड्याच्या व्हिडिओत मी चार मिनिटांत तीन घड्याळांचे पट्टे बदलून दाखवले. बघायला काम सोपं वाटतं. सोपं आहेही, आणि म्हणूनच नवीन माणूस त्यात गाफील राहतो. व्हिडिओत जे बसलं नाही ते इथे लिहिते.

आधी माझी चूक सांगते. दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. मोबाईल कव्हर आणि चार्जरच्या जोडीला घड्याळाचे पट्टे ठेवायला नुकती सुरुवात केली होती. एक काका एचएमटीचं जनता घेऊन आले. रोज चावी द्यायचं, त्यांच्या वडिलांचं घड्याळ. म्हणाले, "ताई, फक्त पट्टा बदला, बाकी कशाला हात लावू नका." पट्टा मला 90 ला पडलेला, विकायचा 250 ला. बीबीएत मार्जिन काढायला शिकलेच होते, मनातल्या मनात 160 रुपये गल्ल्यात टाकून मोकळी झाले. पट्ट्याचं टूल काही नव्हतं. मोबाईल उघडायचा बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, पिन दाबली, तो सटकला आणि केसच्या कडेवर खर्रकन ओरखडा. आतलं पिवळं पितळ दिसायला लागलं.

काकांनी घड्याळ हातात घेतलं, त्या जागेवरून अंगठा फिरवला. "असू दे," म्हणाले. मी पैसे नको म्हणत होते, तरी 250 काउंटरवर ठेवून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. आजही रस्त्यात दिसले की हसतात, पण दुकानाची पायरी परत चढले नाहीत.

हा ओरखडा पॉलिशने का जात नाही ते समजून घ्या. जुन्या काळच्या पुष्कळ घड्याळांची केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा असते. स्टीलवर घासून ओरखडा कमी करता येतो, मुलाम्यावर घासलं की मुलामाच निघतो. आणि एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली 1961 मध्ये बेंगळुरूला, जपानच्या सिटिझनबरोबर. 2016 मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे "कंपनीतून नवीन केस मागवून देते" असं म्हणायचीही सोय नाही.

आता कामाचं. घड्याळाच्या डब्याला वर दोन आणि खाली दोन पाय असतात, त्यांना लग म्हणतात. दोन लगांमध्ये स्प्रिंगची पिन अडकते आणि पिनेवर पट्टा. तुमचं टूल सटकलं की ते लगवर किंवा मागच्या झाकणावरच जाणार. त्यामुळे टूल हातात घ्यायच्या आधी तिथे टेप लावा. पेंटर लोक वापरतात तो कागदी टेप चालतो. लगच्या आतल्या बाजूला, वरून आणि झाकणाच्या कडेला. एक मिनिट जातं. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर मुद्दाम त्याच्यासमोर लावा. टेप बघितला की त्याच्या खांद्यावरचा ताण उतरतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय.

घड्याळ काचेवर पालथं, खाली मऊ कापड. त्याखाली कडा असलेला ट्रे ठेवा, कारण पिन उडते आणि उडाली की दुकानभर शोधत बसाल. टूलचा काटा पट्ट्याला चिकटवून आत घाला, लगला घासून नाही. पिनेच्या टोकाजवळ खाच असते. ती काट्यात सापडली की पिन पट्ट्याच्या मध्याकडे दाबायची आणि मग पट्टा उचलायचा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा. काटा चुकीच्या जागी आहे किंवा पिन गंजली आहे. कोकणातून, मुंबईतून आलेल्या घड्याळांत घामाने आणि दमट हवेने पिन लगमध्ये धरून बसलेली मी बऱ्याचदा बघते. जुना पट्टा टाकूनच द्यायचा असेल तर गिऱ्हाईकाला विचारून तो पिनेजवळ कात्रीने कापा. पिन उघडी दिसते आणि निम्मा धोका जातो.

जुनी पिन परत घालू नका. नवीन पिनेला पाच-दहा रुपये पडतात, आणि पिन तुटली तर घड्याळ सरळ फरशीवर पडतं.

माप डोळ्याने घेऊ नका, व्हर्नियरने लगमधलं अंतर मोजा. 18, 20, 22 मिमी ही मापं जास्त चालतात, लेडीज घड्याळात त्याहून कमी. 20 च्या घड्याळात 18 ची पिन बसल्यासारखी वाटते, टोकं जेमतेम टेकतात आणि चार दिवसांनी निसटते. पट्ट्याचा बकलवाला आखूड भाग 12 च्या बाजूला, भोकांचा लांब भाग 6 च्या बाजूला. हसू नका, गडबडीत उलटं होतं. पिन बसताना "कट्" असा बारीक आवाज येतो. दोन्ही टोकांचा यायला हवा. मग पट्टा धरून दोन्ही बाजूंनी नीट ओढून बघा, गिऱ्हाईकासमोरच.

चेनचा प्रकार वेगळा. चेन लहान करून द्या म्हणून येणारे पट्टेवाल्यांपेक्षा जास्त असतात. आधी क्लॅस्पच्या कडेला बारीक भोकं आहेत का बघा. पिन एक भोक सरकवून काम होत असेल तर कडी काढायचीच कशाला? काढायचीच असेल तर चेनच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची, घालताना बाणाच्या उलट दिशेने. चिरलेलं टोक शेवटी आत जातं. काही जपानी चेनमध्ये पिनेवर तांदळाच्या कणीएवढी नळी असते. पिन काढताना ती कधी पडली कळत नाही, आणि तिच्याशिवाय पिन धरत नाही. म्हणून चेनसुद्धा ट्रेवरच. कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढा, नाहीतर क्लॅस्प मनगटाच्या एका कुशीला जातो. काढलेल्या कड्या आणि पिना पाकिटात घालून गिऱ्हाईकाला परत द्यायच्या. त्या त्याच्या आहेत.

आता धंद्याचं. घड्याळ हातात आलं की आधी मोबाईलवर पुढचा, मागचा आणि लगचा फोटो काढा, जुने ओरखडे गिऱ्हाईकाला दाखवा. "काका, हा इथे आधीचा आहे, बघून घ्या." नवीन मुलांना हे बोलायला संकोच वाटतो. मलाही वाटायचा. पण कुणालाच याचं वाईट वाटलेलं मी बघितलं नाही, उलट घड्याळाची गोष्ट सांगायला लागतात.

सोन्याचं घड्याळ, फार महागडं घड्याळ किंवा स्क्रूवाली चेन आली तर पहिलं वर्ष सरळ सांगा, "हे मी करत नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या." दीड-दोनशे रुपये सोडायला जिवावर येतं खरं. पण तसं घड्याळ भरून द्यायची वेळ आली तर किती पट्टे विकावे लागतील, मोजून बघा. आणि स्टॉकमध्ये क्विक रिलीजचे पट्टे जास्त ठेवा. त्यांच्या पिनेला बारीक खटका असतो, नखाने सरकतो, टूल लागतच नाही.

सराव कशावर? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी बंद पडलेली घड्याळं मिळतात. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीसाठी मी तिथूनच पिशवीभर आणली. पहिले 30 पट्टे तिने त्यांच्यावर बदलले, पहिल्या पाच घड्याळांच्या लगांची पार वाट लावली. ती पाच घड्याळं अजून काउंटरच्या खणात आहेत, नवीन कुणी शिकायला आलं की आधी तीच दाखवतो.

पुढच्या व्हिडिओत टूलचा सगळा सेट दाखवते, कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाही. भेटू!